साडेपाच हजार शब्द आणि तेहतीस गुण: चीनच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजी वाचनाचं एक प्रकरण

चीनमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा होते. तिला तिथे सगळे ‘काओयान’ म्हणतात. डिसेंबर २०२२ मधल्या काओयानला बसलेल्या एका विद्यार्थिनीला इंग्रजीत १०० पैकी ३३ गुण मिळाले. बाकीचे तीन विषय चांगले गेले होते. अभियांत्रिकीसाठी त्या वर्षीची राष्ट्रीय रेषा, म्हणजे पुढे जायला लागणारे किमान गुण, ५०० पैकी २७३ होती आणि तिची बेरीज त्याच्या बरीच वर होती. पण ही रेषा बेरजेला असते तशी प्रत्येक विषयालाही असते, आणि इंग्रजीची रेषा ३८ होती. पाच गुण कमी पडले आणि गणितात, स्थापत्यात कमावलेलं सगळं वाया गेलं. पुढच्या फेरीचं बोलावणं आलं नाही. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात रिकामी राहिलेली जागा मागण्याची एरवी जी सोय असते, तीही बंद झाली. सीमेकडच्या आणि मागे राहिलेल्या दहा प्रांतांसाठी रेषा थोडी खाली असते, पण ३३ गुण तिच्याही खालीच होते.

मी तेव्हा वुहानमध्ये पीएच.डी. करत होते. ती आमच्याच विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. मूळची हेनान प्रांतातल्या एका तालुक्याच्या गावची. मला चिनी बोलण्याचा सराव हवा होता, तिला इंग्रजी वाचनाचा. २०२३ च्या वसंतात आम्ही आठवड्यातून दोनदा एकत्र बसायला लागलो. ती मला ‘शिजिए’ म्हणायची, म्हणजे शिक्षणात पुढे असलेली ताई. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं वगळून, हे प्रकरण इथे मांडते आहे.

नापास का झालं, याची दोन कारणं तिच्याभोवती तयारच होती. घरचे म्हणत, ताप होता म्हणून. ते खोटं नव्हतं. २४ डिसेंबर २०२२ ला, शनिवारी, परीक्षा सुरू झाली तेव्हा कोविडचे निर्बंध उठून जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते आणि देशभर साथ पसरली होती. बाधित परीक्षार्थींसाठी वेगळ्या खोल्या ठेवल्या होत्या. तिने सकाळी राज्यशास्त्राचा आणि दुपारी दोन ते पाच इंग्रजीचा पेपर तशाच एका खोलीत, अंगात ताप असताना लिहिला. पण रविवारी, ताप तसाच असताना, तिने गणित उत्तम सोडवलं होतं. दुसरं कारण तिचं स्वतःचं होतं: शब्द कमी पडले. परीक्षेच्या अभ्यासक्रमात सुमारे ५५०० शब्दांची यादी असते. ती यादी तिने मोबाइलवरच्या अॅपमध्ये तीनदा पुरी केली होती, आणि आता चौथ्यांदा करायचा तिचा बेत होता.

मला हे दुसरं कारण पहिल्यापासून पटलं नाही. तिथली बहुतेक मुलं मात्र याच कारणावर विश्वास ठेवतात. २०१६ च्या प्रवेशासाठी १७ लाख ७० हजार जणांनी अर्ज केले होते, २०२३ साठी ४७ लाख ४० हजार जणांनी. एवढ्या गर्दीत ज्याला त्याला मोजता येईल असं काहीतरी हवं असतं, आणि पाठ केलेले शब्द मोजता येतात. पहाटे ग्रंथालयाच्या दारात रांग लागते, जिन्यांवर आणि व्हरांड्यात मुलं भिंतीकडे तोंड करून शब्द घोकत असतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वातावरण वेगळं सांगायला नको. या मुलांची मेहनत पाहून माझा जीव तुटायचा. कारण त्या मेहनतीतला मोठा भाग पेपरात जिथे गुण आहेत तिथपर्यंत पोचतच नाही.

गुण कुठे आहेत

इंग्रजीच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. ‘इंग्रजी एक’ मुख्यतः संशोधनाकडे जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी, आणि २०१० पासून सुरू झालेली ‘इंग्रजी दोन’ मुख्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. तिची ‘इंग्रजी एक’ होती. वेळ तीन तास. गाळलेल्या २० जागा भरण्याला १० गुण, म्हणजे जागेला अर्धा. मग चार उतारे, प्रत्येकी साधारण चारशे शब्दांचे, प्रत्येकावर पाच प्रश्न आणि प्रश्नाला दोन गुण: एकूण ४०. त्यानंतर परिच्छेदांचा क्रम लावणे किंवा काढून घेतलेली वाक्यं जागेवर बसवणे असा एक प्रकार १० गुणांना, अधोरेखित केलेल्या पाच वाक्यांचं चिनी भाषांतर १० गुणांना, आणि दोन लेखन मिळून ३०.

निकालात विषयाचे एकूण गुण तेवढे कळतात, विभागवार काहीच सांगत नाहीत. म्हणून आम्ही तिच्या आठवणीवरून आणि बाहेर फिरणाऱ्या उत्तरांवरून अंदाज बांधला. चार उताऱ्यांत वीसपैकी सातच्या आसपास उत्तरं बरोबर, म्हणजे १४ गुण. गाळलेल्या जागांत चारेक, क्रम लावण्यात दोन, भाषांतरात दोन, लेखनात अकराच्या आसपास. यातले लेखनाचे गुण चटकन वाढणारे नव्हते. गाळलेल्या जागांत आणखी पाच-सहा बरोबर आल्या असत्या तरी दोन-तीनच गुण वाढले असते. वाचनात तीन प्रश्न जास्त बरोबर आले असते तर मात्र ती रेषेच्या पार गेली असती. वाचन जिंकलं त्याने जग जिंकलं, असं तिथले परीक्षार्थी म्हणतात, आणि गुणांच्या हिशेबाने ते खरं आहे.

हे उतारे परीक्षेसाठी लिहिलेले नसतात. ‘द इकॉनॉमिस्ट’, ‘द गार्डियन’, ‘नेचर’, ‘सायंटिफिक अमेरिकन’ अशा नियतकालिकांतले खरे लेख घेऊन ते कापून, थोडे बदलून दिलेले असतात. ज्या वाचकाला विषयाची पार्श्वभूमी ठाऊक आहे आणि लांब वाक्याची सवय आहे, त्याच्यासाठी ते लिहिलेले असतात. यादीतले शब्द येणं ही तिथे जेमतेम सुरुवात असते.

दोन शाईंची तपासणी

आधी मला खात्री करून घ्यायची होती की शब्दच कमी पडतात का. त्यासाठी आम्ही एक साधी रीत ठरवली. जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक उतारा वेळ लावून, शब्दकोश न वापरता सोडवायचा. उत्तरं निळ्या शाईने. मग खरी उत्तरं न पाहता तोच उतारा शब्दकोश घेऊन, हवा तेवढा वेळ देऊन पुन्हा वाचायचा आणि बदलावीशी वाटतील ती उत्तरं लाल शाईने लिहायची. त्यानंतरच खरी उत्तरं पाहायची. निळ्यापेक्षा लाल उत्तरं बरीच सुधारली, तर अडचण शब्दांची किंवा वेळेची. लाल शाईनेही फरक पडला नाही, तर अडचण दुसरीकडे आहे.

पहिल्या काही उताऱ्यांत निळ्या शाईने पाचपैकी दोन बरोबर यायचे आणि लाल शाईने दोन किंवा तीन. एका उताऱ्यात तर तिने बरोबर उत्तर बदलून चुकीचं केलं. सगळे शब्द समोर उघडे असतानाही तिला उतारा कळत नव्हता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती खूप वेळ काही बोलली नाही, कारण याद्यांमध्ये घातलेल्या महिन्यांचा हिशेब त्यात होता. पण त्याच दिवशी तिने चौथ्या फेरीचा विचार सोडून दिला.

मग नक्की कुठे अडत होतं? २०१० च्या ‘इंग्रजी एक’मधला पहिला उतारा वृत्तपत्रांतल्या कलासमीक्षेबद्दल आहे. त्याचं पहिलंच वाक्य तेहतीस शब्दांचं आहे. त्याचा आशय असा: गेल्या पाव शतकात इंग्रजी वृत्तपत्रांत जे बदल झाले त्यांतला बहुधा सर्वांत दूरगामी बदल म्हणजे कलाविषयक मजकुराचा आवाका आणि गांभीर्य यांची न थांबणारी घसरण. वाक्य सुरू होतं ‘या सगळ्या बदलांपैकी’ या अर्थाच्या तुकड्याने, त्याला एक उपवाक्य लटकलेलं, मुख्य क्रियापद अर्ध्याहून पुढे, आणि कर्ता म्हणून फक्त एक विशेषण, ज्याचं नाम वाचकाने मागून ओढून आणायचं.

तिने ते असं वाचलं: बदल, घडले, इंग्रजी वृत्तपत्रं, पाव शतक, दूरगामी, एक अवघड शब्द, डिक्लाइन, व्याप्ती, गांभीर्य, कला, कव्हरेज. डिक्लाइनचा अॅपमधला तिला आठवणारा अर्थ ‘नम्रपणे नाकारणे’, कव्हरेजचा ‘विम्याचं संरक्षण’. या तुकड्यांतून तिने स्वतः एक गोष्ट रचली: वृत्तपत्रांनी कला नाकारली. पहिल्या दोन परिच्छेदांवर जो प्रश्न होता त्यात एक पर्याय होता की मोठ्या शहरांच्या वृत्तपत्रांतून कलासमीक्षा नाहीशी झाली आहे. तिच्या गोष्टीला तो चपखल बसला. खरं उत्तर दुसरंच होतं: इंग्रजी वृत्तपत्रांत पूर्वी कलासमीक्षा जास्त असायची. पहिल्या वाक्यातल्या घसरणीलाच उलट्या बाजूने सांगितलेलं हे विधान आहे. ‘घसरण’ आणि ‘नाहीशी होणे’ यांतलं अंतर ज्याला जाणवलं त्याला हे दोन गुण सहज मिळतात. तो अवघड शब्द, इनेक्झोरेबल, न कळल्याने मात्र काहीच बिघडत नव्हतं.

याच उताऱ्यात पुढे नेव्हिल कार्डसचा उल्लेख येतो. क्रिकेटवर लिहिणारा म्हणून तो आज ओळखला जातो, पण आपल्या काळात तो संगीताचा मोठा समीक्षक होता, असा तिथला मुद्दा. माझ्यासारख्या क्रिकेटच्या देशातून आलेल्या बाईला ते वाक्य वाचून बरं वाटलं. तिला मात्र धास्ती बसली. क्रिकेट कसं खेळतात हे शोधण्यात तिने अर्धी संध्याकाळ घालवली. परीक्षेच्या दृष्टीने त्याची काहीच गरज नव्हती. कार्डस हे एका विधानाचं उदाहरण आहे, ते विधान त्याच्या आधीच्या वाक्यात आहे, आणि कार्डसवर जो प्रश्न येतो त्यासाठी क्रिकेट कळावं लागत नाही. उदाहरणात बुडून जाणं ही तिची दुसरी सवय होती. अनोळखी नाव आलं की ती तिथेच थांबायची.

आणखी एक नमुना २०१२ चा. व्हर्मांट राज्यातला अणुऊर्जा प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने राज्याचे कडक नियम पाळण्याचं जुनं वचन दिलं होतं आणि आता ती त्यापासून मागे फिरत होती. तिथे संताप उसळला, आणि लेखकाच्या मते तो रास्त होता. ‘रिनेग’ या क्रियापदाचा अर्थ विचारला होता. पर्याय चार: निषेध करणे, पुन्हा ग्वाही देणे, न पाळणे, मिळवणे. तिने निषेध निवडला, कारण वाक्यात संताप होता. पण संतापलेलं राज्य आहे, आणि क्रियापदाचा कर्ता कंपनी आहे. कर्ता कोण एवढं पाहिलं की निषेध बाद होतो. वचन पाळण्याची ग्वाही दिली म्हणून कोणी रास्तपणे संतापत नाही, म्हणजे दुसराही बाद. शिवाय उतारा सुरूच होतो तो ‘ठरलं म्हणजे ठरलं, पण ही कंपनी असेल तर नाही’ अशा अर्थाच्या वाक्याने. बरोबर पर्यायातला शब्द होता डिसऑनर. त्याचा ‘अपमान’ एवढाच अर्थ तिला ठाऊक होता. दिलेला शब्द न पाळणे यालाही तोच शब्द चालतो, हे यादीने सांगितलं नव्हतं.

ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ हे या परीक्षेचं आवडतं हत्यार आहे. अॅड्रेस म्हणजे प्रश्न हाती घेणे, चॅम्पियन म्हणजे एखाद्या मताचा कैवार घेणे, नॉव्हेल म्हणजे नवं, डिसिप्लिन म्हणजे ज्ञानशाखा. अभ्यासक्रमाच्या बाहेरचे शब्द उताऱ्यात तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नयेत असा नियम आहे. म्हणजे चारशे शब्दांत फार तर बारा. भीती त्या बारांची वाटते. गुण जातात ते बाकीच्या तीनशे अठ्ठ्याऐंशींत.

मागे लागणारं उपवाक्य

आता यातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येते. चिनी भाषेत नामाबद्दल जे सांगायचं ते सगळं नामाच्या आधी येतं. ‘काल मी ग्रंथालयात पाहिलेलं पुस्तक’ या क्रमाने. म्हणजे आपल्यासारखंच. मराठीत आपण ‘पाहिलेलं’, ‘येणारा’, ‘ठेवायची’ अशी रूपं वापरून माहिती आधी रचतो आणि मग नाम ठेवतो. किंवा ‘जे… ते’ अशी जोडी करतो. इंग्रजी नाम आधी टाकून मोकळं होतं आणि त्याची माहिती मागून येत राहते, कधी एक तुकडा, कधी तीन, आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत मुख्य क्रियापद आलेलंच नसतं.

माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हे ओळखायला वेळ लागला नाही. अकरावीत इंग्रजीतून विज्ञान शिकायला लागलो तेव्हा आमच्या वर्गातली निम्मी मुलं नेमकी इथेच धडपडायची: वाक्य संपायच्या आत मागे जाऊन नाम शोधायचं, मनातल्या मनात ते शेवटी नेऊन ठेवायचं, तोवर पुढचं वाक्य सुरू. ती विद्यार्थिनीही प्रत्येक लांब वाक्याचं मनात चिनी भाषांतर करत होती आणि त्यासाठी शेवटून सुरुवातीकडे येत होती. त्यामुळे एकेक वाक्य दोनदा वाचलं जायचं, वेळ जायचा, आणि भाषांतर जमलं नाही की सुटे शब्द जोडून गोष्ट रचली जायची.

म्हणून रोज सकाळी एक वाक्य, एवढाच नेम ठरला. तिने जुन्या उताऱ्यांतलं एक लांब वाक्य घ्यायचं. कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद शोधून त्यांना खूण करायची. क्रियापदं एकाहून जास्त असतील तर त्यांना जोडणारे शब्द शोधायचे. मग सगळी पिसं काढून उरलेलं पाच-सहा शब्दांचं हाड वाचायचं. त्यानंतर एकेक तुकडा परत जोडत, इंग्रजीच्याच क्रमाने, मागे न वळता मोठ्याने वाचायचं. सर्वांत शेवटी, कागदावर, नीट चिनीत भाषांतर. भाषांतराच्या १० गुणांची तयारी यातच होऊन गेली, तिला वेगळा वेळ द्यावा लागला नाही.

शब्दांचं काम बंद केलं नाही, जागा बदलली. तिच्या वहीत आता शब्द उताऱ्यातून येत, आपल्या वाक्यासकट, आणि त्या वाक्यात जो अर्थ आहे तेवढाच लिहायचा. तोच शब्द दुसऱ्या उताऱ्यात वेगळ्या अर्थाने भेटला की जुन्या नोंदीखाली नवं वाक्य. काही आठवड्यांत नोंदी एकमेकींना भेटायला लागल्या. अॅप उरलं ते जेवणानंतरच्या थोड्या वेळापुरतं, न भेटलेल्या शब्दांची ओळख टिकवायला.

उतारे किती आहेत याचा हिशेब आम्ही आधी केला, कारण हा साठा संपणारा आहे. २०१० ते २०२३ या चौदा वर्षांचे ‘इंग्रजी एक’चे ५६ उतारे. त्यांतले शेवटच्या तीन वर्षांचे बारा बाजूला, डिसेंबरसाठी. उरले ४४. त्याआधी २००५ ते २००९ चे वीस, हात बसवायला. बाजारात खासगी शिकवण्यांनी तयार केलेले नमुना पेपर ढिगाने मिळतात, ते आम्ही घेतले नाहीत. त्यांत शब्द अवघड करून ठेवलेले असतात, पण खऱ्या प्रश्नपत्रिकेत पर्याय ज्या बारकाईने बेतलेले असतात ती बारकाई नसते, आणि शिकायची होती ती नेमकी तीच.

प्रत्येक उताऱ्यानंतर चुकीच्या तिन्ही पर्यायांबद्दल तिने एकेक ओळ लिहायची: हा का चूक, आणि कोणत्या ओळीमुळे. दोन महिन्यांत तिच्या स्वतःच्या भाषेत चार-पाच प्रकार तयार झाले. उताऱ्यात जे आहे त्याला जास्त ताणणारा. कर्ता बदलणारा. उताऱ्यात आहे, खरंही आहे, पण विचारलेल्या गोष्टीचं उत्तर नाही असा. जगात खरं आहे पण उताऱ्यात नाही असा. आणि बरोबर पर्याय बहुतेक वेळा उताऱ्यातल्या एका वाक्याचंच दुसऱ्या शब्दांतलं रूप असतो, हे तिला पाठ करावं लागलं नाही, दिसायला लागलं. शिकवणीच्या व्हिडिओंत ‘टोकाचा शब्द असलेला पर्याय सोडून द्या’ अशा युक्त्या सांगतात. ती युक्ती तिला आधीपासून ठाऊक होती, तरी २०१० च्या प्रश्नात तिने ‘नाहीशी झाली’ निवडलंच. टोकाचं आहे की नाही हे ठरवायला आधी मूळ वाक्य कळावं लागतं.

जून संपला आणि वसतिगृह सोडावं लागलं. दुसऱ्यांदा परीक्षा देण्याला तिथे ‘दुसरी लढाई’ म्हणतात, आणि ती बहुतेकांना एकट्यानेच लढावी लागते: वर्गमित्र गेलेले, विद्यापीठाचं ओळखपत्र बंद. तिने जवळच एक खोली भाड्याने घेतली आणि पैसे भरून अभ्यासिकेत टेबल घेतलं. वुहानचा जुलै अंगाची लाही करतो. त्याच महिन्यात तिची निळी उत्तरं आधीपेक्षा खाली आली. पूर्वी ती भराभर वाचून अंदाजाने उत्तरं द्यायची. आता प्रत्येक वाक्याचं हाड शोधत बसल्यामुळे चौथा उतारा राहून जायचा. आई फोनवर सांगायची, हे सोड, सरकारी नोकरीच्या परीक्षेला बस. मी तिला एवढंच दाखवलं की लाल उत्तरं पाचपैकी चारवर आली आहेत. म्हणजे समज आली आहे, वेग येईल. ऑगस्टच्या अखेरीस रोजच्या वाक्याचं काम कागदावरून डोळ्यांत आलं, खुणा न करता हाड दिसायला लागलं, आणि एक उतारा वीस मिनिटांच्या आत बसायला लागला.

ऑक्टोबरमध्ये अर्ज भरायच्या वेळी एक पेच आला. व्यावसायिक अभ्यासक्रम घेतला तर ‘इंग्रजी दोन’ देता येईल, उतारे सोपे, भाषांतर एका सलग परिच्छेदाचं. अनेकांनी तिला तोच सल्ला दिला. ज्याची अडचण खरोखर वेळेची आहे त्याने तो जरूर घ्यावा. तिला मात्र संशोधनाकडेच जायचं होतं आणि लाल-निळ्यातलं अंतर तोवर जवळजवळ मिटलं होतं, म्हणून तिने अर्ज बदलला नाही.

नोव्हेंबरपासून राज्यशास्त्राचं पाठांतर सगळे तास खातं. इंग्रजीला उरलं सकाळचं वाक्य आणि शनिवारची दुपार. राखून ठेवलेले तीन पेपर तिने दोन ते पाच याच वेळेत, खऱ्या उत्तरपत्रिकेच्या नमुन्यावर सोडवले. लेखनासाठी पाठ केलेला साचा टाकून स्वतःची साधी वाक्यं लिहायची, एवढाच बदल केला.

२३ डिसेंबर २०२३ ला पेपर झाला. त्या वर्षी अर्ज ४३ लाख ८० हजार होते. फेब्रुवारीच्या शेवटी निकाल आला: इंग्रजी ६१. अभियांत्रिकीची इंग्रजीची रेषा त्या वर्षी ३७ होती. तिच्या अंदाजाने चार उताऱ्यांत पंधराच्या आसपास उत्तरं बरोबर आली होती. लेखनात वाढ थोडीच.

हे सगळं वाचनाच्या पद्धतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या वेळी तिला ताप नव्हता, दुसऱ्यांदा बसणाऱ्याची भीड चेपलेली असते, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प डोक्यावर नव्हता. पण २८ गुणांच्या वाढीतले १६ वाचनातून आले हे तिच्या अंदाजावरून दिसतं, आणि यादीची चौथी फेरी तिने केली नव्हती. ज्याला खरोखर दोन-अडीच हजारच शब्द येतात त्याच्यासाठी मात्र यादीला पर्याय नाही. हाड शोधायलाही काही शब्द लागतात. दोन शाईंची तपासणी म्हणूनच आधी करावी.

मार्चअखेर मुलाखतीच्या फेरीत प्राध्यापकांनी तिच्यापुढे काँक्रीटवरच्या एका इंग्रजी शोधनिबंधातला परिच्छेद ठेवला: मोठ्याने वाचा आणि तोंडी भाषांतर करा. पहिलंच वाक्य चार ओळींचं होतं. तिने थोडा वेळ मागून घेतला, क्रियापद शोधलं, आधी हाड सांगितलं आणि मग बाकीचं. एप्रिलमध्ये प्रवेश पक्का झाला, यादीत नाव मधल्याच्या थोडं खाली. आता ती असेच निबंध रोज वाचते आणि वाचन सोपं जातं म्हणते. अडतं ते स्वतःचा निबंध इंग्रजीत लिहिताना, आणि त्यासाठी काय करायचं हे आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं नाही.